बार्जच्या तळाचे जोड आणि यूटीवाले: जुवारीकाठच्या एका सेवेची पारख

तळाचे पत्रे बदललेल्या बार्जची यूटी, म्हणजे वेल्डच्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी, करून देणारी ही सेवा दोन माणसांची आहे. एक लेव्हल टू (तपासणीच्या दुसऱ्या पातळीचं प्रमाणपत्र असलेला) ऑपरेटर, एक हेल्पर आणि मोटारीच्या डिकीत मावेल एवढं सामान. गोव्यात जुवारीच्या काठाने कुठ्ठाळी, लोटली या बाजूच्या यार्डांत त्यांची ये-जा असते. नाव देत नाही, कारण जे आवडलं त्याबरोबर जे खटकलं तेही सविस्तर लिहायचं आहे. निकाल आधीच सांगतो. हात चांगला, यंत्र चांगलं, रिपोर्ट कच्चा. बोलवावं का? १० मिमी आणि त्याहून जाड पत्र्यासाठी, रिपोर्टचा नमुना आधी ठरवून घेऊन, जरूर बोलवावं. ८ मिमीसाठी नको.

काम नेहमीचंच होतं. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थांबते तेव्हा बार्जेस स्लिपवर, म्हणजे काठावरच्या उतारावर, चढतात. जाडी मोजायची, पातळ झालेला पत्रा कापायचा, नवा बसवायचा आणि हंगाम सुरू व्हायच्या आत पाण्यात उतरवायचं. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. काठाला नुसतं बांधून राहिलं की खारं पाणी तळ खातंच. म्हणून आजची दुरुस्ती म्हणजे बहुतेक नव्या-जुन्याचे जोड. एका बाजूला कोरा १२ मिमी, दुसऱ्या बाजूला झिजून ११.२ किंवा १०.५ राहिलेला पत्रा. जोड आतून व्ही (पत्र्यांच्या कडा तिरप्या कापून केलेली खाच) पाडून, बाहेरून सिरॅमिक बॅकिंग (वितळलेला धातू अडवणारी पट्टी) लावून एकाच बाजूने भरलेला. आत फ्रेमा आणि लाँजिट्यूडिनल (आधाराच्या आडव्या-उभ्या पट्ट्या) असल्यामुळे प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा आणि परतलेल्या टिपणारा तुकडा, फिरवायला जागा मिळत नाही, म्हणून तपासणी बाहेरून, बार्जच्या पोटाखाली उताणं पडून. जुना-नवा पत्रा आणि आत उघडणारी व्ही, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचं बरंवाईट सगळं त्यांच्याभोवती फिरतं.

एक्स-रे का नको, हे बार्जमालक दर वेळी विचारतात. किरणोत्सारी इरिडियम-१९२ चा सोर्स आणायचा तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे परवाना, प्रशिक्षित माणूस आणि भोवती दोरी बांधून मोकळी केलेली जागा लागते. म्हणजे रात्रपाळी, आणि तेवढा वेळ आजूबाजूची सगळी कामं बंद. शिवाय एका बाजूला सोर्स, दुसऱ्या बाजूला फिल्म लावायची तर आतली टाकी मोकळी करून पुसून घ्यावी लागते. फिल्मवर पोरॉसिटी (वेल्डमधले वायूचे बुडबुडे) आणि स्लॅग (वेल्डमध्ये अडकलेली मळी) झकास दिसतात, पण किरणांना आडवी पडलेली बारीक चीर किंवा न मिसळलेली कड निसटू शकते. यूटीचं नेमकं उलट. तळाच्या जोडाला धोका कडेचा आणि चिरेचा जास्त, तेव्हा इथे यूटीच बरी.

सामानात एक डिजिटल फ्लॉ डिटेक्टर, ४ मेगाहर्ट्झचे ४५, ६० आणि ७० अंशांचे तीन अँगल प्रोब, ८ बाय ९ मिमीचा स्फटिक असलेले, आणि जाडी व लॅमिनेशन (पत्र्याच्या आत सुटलेले पापुद्रे) पाहण्यासाठी एक ट्विन क्रिस्टल नॉर्मल, म्हणजे सरळ खाली पाहणारा, प्रोब. कॅलिब्रेशनच्या ब्लॉकमध्ये (पोलादी ठोकळ्यांत) व्ही-१ आणि व्ही-२ दोन्ही. व्ही-१ नुसता दाखवायला नव्हता, सकाळी यंत्राची लिनिॲरिटी त्यावरच पाहिली. ३ मिमीच्या आडव्या भोकांचा डीएसी ब्लॉक (अंतराप्रमाणे इकोची, म्हणजे परतलेल्या लहरीची, उंची दाखवणारा वक्र काढायचा) मात्र त्यांचा जाड आहे. १२ मिमीच्या पत्र्यासाठी त्याच पत्र्याचा ३०० बाय १५० मिमीचा एक तुकडा यार्डाने काढून ठेवला, त्यात भोक पाडून दिलं, तर वक्र जास्त खरा येतो. त्यांनी तो स्वतःहून मागितला, ही जमेची बाजू. बरेच जण मागत नाहीत.

कॅलिब्रेशन पाहण्यासारखं होतं. व्ही-२ वर प्रोब ५० मिमीच्या कमानीकडे तोंड करून ठेवला, पुढे-मागे सरकवून इको सर्वांत उंच केला आणि तिथे ब्लॉकच्या खुणेसमोर प्रोबच्या कुशीवर खिळ्याने बारीक ओरखडा काढला. बीम जिथून बाहेर पडतो ती ही जागा, छापील खूण नव्हे. मग ५० आणि १२५ वरचे इको जागेवर बसवले, उलट तोंड करून २५ आणि १०० तपासले, शेवटी भोकावरून अंश पाहिला. ७० चा प्रोब ६९ निघाला आणि यंत्रात ६९ च घातला. खरबरीत पत्र्यावर घासून प्रोबची पर्स्पेक्सची (पारदर्शक प्लास्टिकची) बूड झिजते. पुढून झिजली की अंश कमी होतो, मागून झिजली की वाढतो. दोन अंशांच्या वर फरक दिसला की प्रोब बाजूला ठेवायचा, हा त्यांचा नियम आहे. सकाळी सुरुवातीला, जेवणानंतर आणि दिवस संपताना असं तीनदा हे सगळं पुन्हा झालं. आयएसओ १७६४० हे वेल्डच्या यूटीचं मानक निदान दर ४ तासांनी आणि शेवटी तपासायला सांगतं, तेव्हा नियमातही बसतं.

उन्हाची गोष्ट मात्र त्यांच्याकडून सुटली. पाऊस उघडला की स्लिपवरचा पत्रा तासाभरात चटका बसेल इतका तापतो. ब्लॉक मोटारीत, एसीच्या गारव्यात. एएसएमई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमावलीचं सेक्शन पाच ब्लॉक आणि काम यांच्या तापमानात १४ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक चालवत नाही, आणि त्याला कारण आहे. पोलादातला वेग उष्णतेने फारसा हलत नाही, पण पर्स्पेक्समधला हलतो. वेज, म्हणजे प्रोबखालचा पर्स्पेक्सचा तुकडा, २० अंशांनी गरम झाला की ७० चा बीम ७२-७३ कडे सरकतो. १२ मिमीच्या पत्र्यात पलीकडच्या पृष्ठभागाचा कोपरा ७० अंशांनी बीमच्या तिरप्या वाटेने ३५ मिमीवर यायला हवा, तो ४० च्या आसपास येतो. यंत्र मात्र ७० धरूनच हिशेब करतं आणि सांगतं की खोली साडेतेरा. म्हणजे दीड मिलिमीटरची चूक, तीही नेमकी जिथे मिलिमीटर मोजायचे तिथे. उपाय फुकटचा आहे. ब्लॉक सकाळीच नेऊन बार्जच्या सावलीत, त्याच पत्र्याला टेकवून ठेवायचा. जेवणानंतरच्या तपासणीत अंश सरकलेला दिसला तेव्हा त्यांनी तसंच केलं. सकाळी ११ ते १ मध्ये पाहिलेले जोड पुन्हा पाहिले का? मागितल्यावर, हो. न मागता नाही.

आता व्हीची बाजू. जोड वरून उघडा असेल आणि प्रोबही वरच असेल, तर रूट (व्हीचं निमुळतं टोक) पहिल्या टप्प्यात, म्हणजे हाफ स्किपमध्ये मिळतो, आणि जवळची कड बीम तळाला आपटून परत वर येताना, फुल स्किपमध्ये मिळते. तळाच्या जोडात आपण रूटच्या बाजूला असतो, म्हणून सगळं उलटं होतं. कड पहिल्याच टप्प्यात सापडते आणि रूट फुल स्किपमध्ये येतो. ६० अंशांच्या व्हीची प्रत्येक कड उभ्या रेषेशी ३० अंश कललेली असते, तेव्हा ६० चा प्रोब तिच्यावर काटकोनात पडतो. न मिसळलेली कड शोधायला हाच प्रोब, ७० चा नव्हे. ऑपरेटरने पहिल्या दिवशी आल्या-आल्या जोडाचं ड्रॉइंग मागितलं, व्हीचा कोन आणि रूट गॅप विचारला, वेल्डरला गाठून व्ही कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या तोंडून ऐकलं. ही सवय असलेले लोक थोडे. यार्डाकडे ड्रॉइंग नव्हतंच, हा दोष त्यांचा नाही.

त्याआधी नॉर्मल प्रोबने जोडाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा पाहून घेतला. पत्र्यात लॅमिनेशन असेल तर अँगल बीम तिथूनच परततो, आणि पलीकडे काय आहे ते कळत नाही. त्याच वेळी दर ३०० मिमीवर जाडी खडूने पत्र्यावर लिहिली. हा खडू फार कामाचा. यंत्रात १२ घातलं आणि पत्रा खरा ११.२ असला, तर आतल्या पृष्ठभागाचा कोपरा ११.२ खोलीवर दिसतो, म्हणजे आत ०.८ मिमी शिल्लक असताना काहीतरी आहे असं वाटतं. फुल स्किपला चूक दुप्पट होते. बाहेरच्या पृष्ठभागावरचा रूटचा इको १.६ मिमी आत असल्यासारखा येतो. नव्या पत्र्यावरून आणि जुन्या पत्र्यावरून स्कॅन करताना जाडी वेगळी घालावीच लागते, आणि हे त्यांनी प्रत्येक वेळी केलं. जुन्या पत्र्याच्या आतल्या बाजूला खड्डे असले तर मात्र जाडी घालूनही उपयोग नाही. बीम खड्ड्यांवरून विखुरतो आणि दुसऱ्या टप्प्याचा भरवसा राहत नाही. अशा ठिकाणी फक्त नव्या पत्र्याच्या बाजूने पाहिलं आणि तसं तोंडी सांगितलं. कागदावर ते आलं नाही.

जाडी रंगावरून घेऊ नये, हे जाता जाता. रंगातला वेग पोलादापेक्षा बराच कमी, त्यामुळे ०.३ मिमी रंग पाऊण मिमी पोलादासारखा दिसतो आणि झिजलेला पत्रा कागदावर बरा होतो. इको-टू-इको मोड असेल तर रंगाची जाडी आपोआप गळते. त्यांनी रंग खरवडूनच मोजलं.

स्कॅनिंग संथ आणि नीट. संदर्भ पातळीवर ६ डेसिबल वाढवून, सेकंदाला १५० मिमीच्या आत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत, हाताने प्रोब किंचित डावी-उजवीकडे हलवत. रूटसाठी पत्र्याला चुंबकी पट्टी लावून प्रोब ठरावीक अंतरावर धरून सरळ रेषेत ओढला. १२ मिमीला पत्र्यावरून मोजलेला फुल स्किप ७० अंशांनी ६६ मिमी, ६० अंशांनी साधारण ४२ मिमी. ही अंतरं जोडाच्या मधल्या रेषेपासून मोजायची असतात, आणि इथेच बहुतेक यार्ड चुकतात. सिरॅमिक निघाल्यावर, ग्राइंडर फिरल्यावर मधली रेषा कुठे होती ते कुणालाच सांगता येत नाही. वेल्ड भरण्याआधी दोन्ही बाजूंना मध्यापासून बरोबर १०० मिमीवर पंचाच्या खुणा मारून ठेवल्या की वाद मिटतो. नाहीतर ऑपरेटर अंदाजाने रेषा काढतो, ती ३-४ मिमी चुकते, आणि रूटचा इको कडेचा ठरतो किंवा कडेचा रूटचा.

या कामातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कॅपिंगचा, म्हणजे वेल्डच्या शेवटच्या फुगीर थराचा, इको ओळखण्याची पद्धत. कॅपिंग आत आहे, दीड-दोन मिलिमीटर उंच. बीम त्या फुगवट्यात शिरतो आणि साडेतेरा-चौदाच्या खोलीवरून परततो. यंत्राला पत्रा १२ चा माहीत, म्हणून ते हा आकडा घडी घालून दाखवतं: दुसरा टप्पा, खोली १० किंवा १०.५. नवखा ऑपरेटर लगेच फ्यूजनचा दोष लिहून मोकळा. इथे हेल्पर मॅनहोलमधून आत उतरला, बोट ग्रीसमध्ये बुडवून कॅपिंगवर टकटक करू लागला. पोटाखाली उताणा पडलेला ऑपरेटर स्क्रीनवर नजर ठेवून "फुडें, आनीक मात्शें फुडें" असं ओरडत होता. बोट नेमक्या जागी आलं तेव्हा इको टकटकीबरोबर खालीवर नाचला. नाचला म्हणजे तो पृष्ठभागावरचा, दोष नव्हे. बोट काही केल्या इको हलवत नाही असं दिसलं तेव्हाच त्याने खडूने गोल काढला. अशा चार गोलांपैकी तीन ठिकाणी गाऊज केल्यावर (धातू खोदून काढल्यावर) न मिसळलेली कड निघाली, चौथ्या ठिकाणी स्लॅगची लांबट रेघ. हा हिशेब कुठल्याही यार्डाला आवडेल.

इकोच्या आकारावरून प्रकार सांगण्यात ऑपरेटर सावध आहे, तेही बरं. प्रोब थोडा फिरवला की झटकन पडणारा उंच, सडपातळ इको चिरेचा किंवा कडेचा. काटेरी, दोन-तीन शेंड्यांचा आणि प्रोब सरकवला की शेंडे बदलणारा तो बहुधा स्लॅग. बुटका, पसरट, कुठल्याही बाजूने पाहिला तरी साधारण तेवढाच राहणारा म्हणजे पोरॉसिटी. पावसाळ्यात ही शेवटची जात जास्त. वेल्डिंगच्या ई७०१८ कांड्या ओव्हनमध्ये न भाजता उघड्या पुड्यातून वापरल्या की हवेतला ओलावा वेल्डमध्ये जातो. अशा जोडाला यूटीने पास म्हटलं तरी फुशारून जाऊ नये. विखुरलेली पोरॉसिटी यूटीला कमीच दिसते.

आता खटकलेलं.

रिपोर्टमध्ये "खोली १० मिमी" असं लिहिलं होतं. कुठल्या पृष्ठभागापासून? लिहिलेलं नाही. ऑपरेटरच्या डोक्यात बाहेरून १० मिमी, म्हणजे आतून अवघे दोन. रिपोर्ट हातात घेऊन गाऊजिंगवाला आत उतरतो तेव्हा त्याला वाटतं आतून १०. तो दोन मिलिमीटरला दोष पार करून जातो, त्याच्या नजरेस तो पडला तर ठीक, नाही तर आणखी आठ मिमी खोदत राहतो. पत्र्याला जवळजवळ भोक. उलट बाहेरून गाऊज करणारा असेल तर त्याला दहा मिमी धातू विनाकारण काढावा लागतो, आणि तोही ओव्हरहेड, म्हणजे डोक्यावर हात धरून, भरावा लागतो. एवढा सगळा खटाटोप एका शब्दाच्या अभावी. रिपोर्टवर प्रत्येक दोषासमोर चार गोष्टी हव्यात: आरंभबिंदूपासून सुरुवात आणि शेवट, मधल्या रेषेपासून किती आणि कुठल्या बाजूला, खोली कुठल्या पृष्ठभागापासून, आणि डीएसीच्या तुलनेत किती डेसिबल. सोबत जोडाचा आडवा छेद काढून त्यात एक फुली. यांच्या रिपोर्टात पहिली आणि शेवटची होती, मधल्या दोन नव्हत्या, छेद तर नव्हताच. आरंभबिंदू म्हणून "फॉरवर्ड एंड" लिहिलं होतं. त्याऐवजी फ्रेम नंबर हवा.

दुसरं, ज्या जोडांत काही सापडलं नाही त्यांच्यासमोर एकच ओळ छापलेली, सगळ्यांना सारखी. कुठला प्रोब, कुठल्या बाजूने, एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, संदर्भ गेन (इको किती मोठा केला ते प्रमाण) किती, काही नाही. जुन्या पत्र्याच्या बाजूने पाहता आलं नाही ते जोडही त्याच ओळीत गेले. बार्जची पाहणी करणाऱ्या सर्व्हेयरने विचारलं की ही माहिती ऑपरेटरच्या वहीत सापडते, आणि वही नीट असते हे खरं, पण बार्जच्या फाइलला वही लावता येत नाही.

तिसरं, जिथे आडवा आणि उभा जोड एकमेकांना मिळतात ती टी-जंक्शन. तिथे ताण जास्त, फिट-अप (पत्र्यांची जुळणी) वाईट आणि चीर आडवी पडण्याची शक्यता जास्त. आडवी चीर पकडायची तर प्रोब जोडाच्या लांबीने फिरवावा लागतो, त्यासाठी वरचा फुगवटा सपाट घासलेला हवा. तळाच्या बाहेरच्या बाजूला रूटचा फुगवटा घासणं अवघड नाही, यार्डाने घासून द्यावं आणि त्यांनी पाहावं. त्यांनी टी-जंक्शनला बाकी जोडासारखंच वागवलं. विचारलं तर "प्रोसीजरमध्ये नाही" असं उत्तर आलं. प्रोसीजर त्यांचीच आहे.

आणि ८ मिमी. कडेच्या पत्र्यातले काही जोड ८ मिमीचे होते. आयएसओ १७६४० आणि एडब्ल्यूएस डी१.१ (अमेरिकी वेल्डिंग नियमावली) दोन्ही ८ मिमीपासून सुरू होतात, म्हणजे कागदोपत्री ते घेता येतात. व्यवहारात ७० अंशांनी हाफ स्किप बीमच्या वाटेने २३ मिमीवर, प्रोबच्या स्वतःच्या गोंगाटाला लागून. रूट, कॅपिंग आणि कडा इतक्या दाटीवाटीने येतात की बोटाची युक्तीही अपुरी पडते. त्यातला पत्रा झिजून साडेसातचा झाला की नियमही सुटतो. ज्या जोडांत त्यांनी नुसतं "ठीक" लिहिलं त्यांतले बहुतेक याच जाडीचे होते. इथे काम नाकारायला हवं होतं, किंवा त्यांनी फेज्ड ॲरेवाल्याकडे (एकाच प्रोबने अनेक कोनांतून पाहणाऱ्याकडे) पाठवायला हवं होतं.

वेगाचं सांगायचं तर दोन्ही बाजूंनी, दोन अंशांनी, पोटाखालून पाहताना दिवसाला १५ मीटरच्या आसपास जोड होतात. त्याहून जास्त सांगणारा माणूस एका बाजूने पाहतोय असं समजा. उताणं पडून चार तासांनंतर डोळा आणि हात दोन्ही ढिले पडतात, म्हणून दुपारनंतरचं काम कमी लांबीचं ठेवणं हा त्यांचा शहाणपणा आवडला. कपलंट (प्रोब आणि पत्रा यांच्यामधली हवा घालवणारा लेप) म्हणून ते सीएमसीची चिकटी वापरतात, वॉलपेपरच्या गोंदासारखी. ओव्हरहेडला पातळ केली तर तोंडावर गळते, घट्ट ठेवली तर टिकते. पाण्याने धुतली जाते, त्यामुळे नंतर प्रायमर बसतो. ग्रीस वापरणाऱ्यांना तळाखाली फिरकू देऊ नका. थिनरने कितीही पुसलं तरी रंगाखाली तेलकटपणा उरतो आणि तिथून सोलपटं निघतात. बोटाच्या युक्तीसाठी आत चिमूटभर लागतं तेवढंच.

यार्डाने काय तयार ठेवायचं? जोडाच्या दोन्ही बाजूंना १०० ते ११० मिमीचा पट्टा, रंग, गंज आणि स्पॅटर (वेल्ड करताना उडालेले धातूचे दाणे) काढलेला. ६६ मिमी फुल स्किप, जोडाची अर्धी रुंदी आणि प्रोबची मागची लांबी मिळून तेवढं लागतंच. पट्टा ग्राइंडरने घासताना दगडी चाक लावलं तर खोल चरे पडतात, त्यांत चिकटी साचते आणि गेन उगाच वाढवावा लागतो. फ्लॅप डिस्क लावा. स्पॅटरचा एखादा दाणा राहिला तरी प्रोब त्यावर डुगडुगतो आणि बूड झिजते. पट्टा तयार नसला तर ही मंडळी हातावर हात ठेवून बसतात आणि दिवसाचे पैसे घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

स्वीकाराची पातळी, म्हणजे कुठला दोष चालेल आणि कुठला नाही, काम सुरू होण्याआधी सर्व्हेयरबरोबर बसून ठरवा. आयएसओ ११६६६ इकोची उंची आणि दोषाची लांबी पाहून निकाल देतं. एएसएमईच्या सेक्शन आठात मात्र चीर, न मिसळलेली कड आणि अपुरं पेनिट्रेशन असेल तर लांबी कितीही असली तरी जोड नापास. एकच रेघ एका नियमाने पास, दुसऱ्याने नापास. यांच्या रिपोर्टावर पातळीचं नाव होतं, ठरवली कोणी याचा उल्लेख नव्हता.

दुरुस्तीनंतरची तपासणी त्यांनी त्याच दराने, त्याच आठवड्यात केली. गाऊज केलेल्या लांबीच्या दोन्ही टोकांना १०० मिमी जास्त पाहिलं. टोकांनाच नवा दोष उरतो, गाऊजचा उतार तोकडा सोडल्यामुळे. एका ठिकाणी तसा सापडलाही.

दर दिवसाचा घ्यावा की मीटरचा? मीटरचा ठरवला तर ऑपरेटर घाई करतो, दिवसाचा ठरवला तर यार्डाची घाई त्याच्या मानेवर बसते. पट्टे तयार असतील तर दिवसाचाच. ऑगस्टच्या अखेरीस सगळ्याच बार्जेसना एकदम यूटी हवी असते, तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीलाच तारीख घ्या. फोनवर चार गोष्टी सांगा: पत्र्याची जाडी, व्ही कुठल्या बाजूला, एकूण मीटर, आणि रिपोर्टात खोलीसमोर "बाहेरून" किंवा "आतून" हा शब्द हवाच.